बारवेतली लेकुरवाळी

झरी

मी गावात नव्हतो तेवढ्या दिवसांत कुठं होतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायलंय. पारावर सांगितलं, दुकानात सांगितलं, मेंढरं पाण्यावर नेली तिथं सांगितलं. ऐकणारा अर्ध्यातून उठून जातो आणि सकाळी पुन्हा विचारतो, "मल्हारबा, मग त्या बारवेचं काय झालं?" म्हणून आता कागदावर घालतो. ज्याला येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं वाचून घ्यावं. शाळेत मी दोनच पावसाळे बसलो, तिसऱ्याला मेंढरांमागं गेलो. मास्तर म्हणाले, "द्या, शुद्ध करून देतो." मी दिलं नाही. पाय माझे दुखले, तर लिहिणंही माझंच राहू द्या.

नारू काय असतो हे आमच्याकडं कोणाला सांगायला नको. ज्या मुलखात नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात पायाला फोड येतो. निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटतो आणि आतून पांढरा दोरा डोकं काढतो. तो दोरा जिवंत असतो. त्याला काडीवर गुंडाळायचं आणि रोज थोडाथोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला की पाय सुजून खांबासारखा होतो. माझ्या दोन्ही नडग्यांवर त्याचे वण आहेत. कोणी म्हणायचं देवीचा कोप, कोणी म्हणायचं वाईट रक्त. मीही तसंच म्हणायचो.

मग आरोग्य खात्याचे मुळे साहेब आमच्या झरी गावात आले. वयानं लहान, अंगानं किडकिडे. ते म्हणाले, नारू पाण्यातून येतो. पायऱ्यांच्या बारवेत तिळाच्या कणीएवढे पांढरे जीव असतात. त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. ते पाणी पिलं की वर्षानं नारू पायातून निघतो. मी सहजासहजी मानलं नाही. गेल्या उन्हाळ्यात पिलेलं ह्या उन्हाळ्यात निघतं, हे कोणाच्या गळी उतरेल? पण आमच्या बारवेच्या पायऱ्या बुजवल्या, वर रहाट बसवला, आणि पुढच्या उन्हाळ्यांत गावातला नारू हटत गेला. तेव्हा मानलं.

साहेबांची सगळी विद्या हैद्राबादेत उर्दूतून झालेली. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि वरून हुकूम आला की लोकांना मराठीत समजावून सांगा. छापील कागद पुण्याकडून आले. त्यात लिहिलं होतं 'सूक्ष्मदर्शक यंत्र'. साहेब त्याला खुर्दबीन म्हणायचे. मी भिंग म्हणायचो. वस्तू एकच, पितळी नळी आणि खाली काच.

साहेबांनी जिंतूरकडचा दौरा काढला तेव्हा मला म्हणाले, "मल्हारबा, तुम्ही बरोबर चला. मी बोललो की लोक म्हणतात, ह्या पोराला कधी नारू झाला होता का? तुमच्या नडग्या पाहिल्या तर ऐकतील."

"चपराशी म्हनून येनार न्हाई," मी म्हणालो. "पेटी उचलनार न्हाई. आन सावरवाडी धरनार असाल तरच येतो."

सावरवाडी त्यांच्या दौऱ्यात नव्हती. चारठाण्याच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत ती वाडी आहे, आणि तिथं माझी लेक कौसा दिलेली आहे. लागोपाठच्या उन्हाळ्यांत तिला नारू निघाला. पेरणीच्या तोंडाला घरात सगळ्यांचे हात लागतात तेव्हाच ती बाजेवर. मागच्या साली दोरा तुटला आणि उजवा गुडघा वाकला, तो सरळ झालाच नाही. तिच्या सासूचा निरोप आला होता की औंदा पुन्हा निघाला तर लेक घेऊन जा, आम्ही पोराचं दुसरं बघतो.

साहेबांनी दौऱ्याचा कागद काढून त्यात नाव घातलं. मग म्हणाले, "धरतो सावरवाडी."

जिंतूर

वाटेत बोरीला एका बारवेचं पाणी साहेबांनी बाटलीत भरून घेतलं, जिंतूरच्या बाजारात दाखवायला. भिंगातून मी स्वतः पाहिलं. पांढरे जीव टुणकन उड्या मारत होते. बाटली पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटी मोटारीच्या टपावर. वैशाखाचं ऊन.

जिंतूरला चहात इतकी साखर घालतात की मिशा चिकटतात. आमच्याकडं गुळाचा चहा, त्याला चव तरी असते. घरून आणलेले धपाटे त्या चहाबरोबर खाल्ले आणि बाजारात लिंबाखाली टेबल मांडलं. बायस्कोप आलाय असं कोणीतरी उठवून दिलं. मग काय, ही रांग. साहेबांना वाटलं लोकांना ज्ञानाची केवढी भूक!

पहिला एक मिरच्या विकणारा. त्यानं डोळा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"काईच न्हाई."

"नीट बघा."

"माझा डोळा चांगला हाय साहेब. ह्या डोळ्यानं मी दुरून गिऱ्हाईक वळखतो."

दुसऱ्याला दिसलं नाही, तिसऱ्याला नाही. साहेबांनी स्वतः पाहिलं. टपावरच्या उन्हात बाटलीतले जीव मरून तळाला बसले होते. लोक आनंदले. पाणी चोख निघालं म्हणाले. मिरचीवाला म्हणाला, "मग द्या हिकडं, घसा कोरडा पडलाय." आणि साहेब "अरे, अरे" करेपर्यंत त्यानं बाटली तोंडाला लावली आणि ती रिकामी करून परत दिली. "ग्वाड हाय पानी," म्हणाला.

मग साहेबांनी मला पुढं केलं. मी धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन नडग्या दाखवल्या. त्यावर एक म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं त्याच्या दाखवल्या. दुसरा म्हणाला, हे तर काहीच नाही, माझ्या पाठीतून निघाला होता. कोणाचा लांब, कोणाचा तुटला, कोणाच्या आईनं कशाचा पाला बांधला, ह्यावर तासभर रंग चढला. पाण्याचं नाव कोणी काढलं नाही.

संध्याकाळी साहेब ओसरीवर पाय सोडून बसले होते. म्हणाले, "मल्हारबा, दर गावात तेच सांगतो. माझंच मला ऐकू येईनासं झालंय."

"पानी परक्या गावचं कामून दाखवायचं?" मी म्हणालो. "ज्याची बारव त्याचंच पानी दाखवा. तवाच काढलेलं."

हे त्यांना पटलं. त्याचा पुढं काय परिणाम होणार, हे मला कळलं नाही आणि त्यांनाही.

चारठाणा

चारठाण्याला बैलगाडीनं पोहोचलो तेव्हा माझी कंबर माझी राहिली नव्हती. देवळं मात्र पाहण्यासारखी आहेत. एकेका खांबावर एवढं कोरीव काम की दगड आहे का लोणी, असं वाटावं. कोणी बांधली ते गावातले चार जण चार तऱ्हेनं सांगतात. मी एका खांबाला पाठ टेकून झोपलो. थंडगार दगड. तेवढीच त्या दौऱ्यातली सुखाची झोप.

गावात लग्न होतं, त्यामुळं भाषणाला कोणी आलं नाही. आम्हालाच पंगतीत बसवलं. बुंदी, वांग्याची भाजी, येसराची आमटी. आमटी अशी की कानातून वाफ निघावी. वाढप्यानं तांब्यात पाणी ओतलं. पाणी बारवेचं. साहेबांनी तांब्याला हात लावला नाही. यजमानाचा चेहरा पडला. आमच्याकडं पाणी नाकारणं म्हणजे घर नाकारणं.

"काय साहेब, आमचं पानी चालत न्हाई का?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि "त्या पाण्यात सूक्ष्म" एवढं म्हणाले. मी मध्येच माझ्या पटक्याचं टोक दुहेरी करून तांब्याच्या तोंडावर घातलं आणि त्यातून पाणी पिलो.

"मला नवस हाय," मी म्हणालो. "साहेबालाबी हाय. फडक्याबिगर पानी प्यायचं न्हाई."

नवस म्हटल्यावर कोणी पुढं विचारत नाही. यजमानानं घरातून स्वच्छ धोतर आणून फाडून दिलं. एक जण म्हणाला, "म्हातारा पानी गाळायलाय का मिशा?" आणि पंगत हसली. साहेब पाणी पिले, पण गाडीत बसल्यावर माझ्यावर घसरले. "खोटं का सांगितलंत? आपण खरं सांगायला निघालोय."

"पानी गाळून पोटात गेलं का न्हाई?"

"ते गेलं. पण त्यांना काय कळलं?"

मी पटका डोळ्यांवर ओढला. उन्हात वाद घालायचं माझं वय नाही.

सावरवाडी

लेकीच्या घरी मी पोहोचलो तर विहीणबाई अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होती. उंच, हाडापेरानं दणकट बाई. गावात तिचा शब्द चालतो.

"या इवाई. लेक न्यायला आलात, आन संगं साहेब कशाला?"

"पानी दाखवायला आलाव, इहीनबाई."

"पानी आमी रोज बगताव. तुमी तुमच्या लेकीचा पाय बगा आदी. निघाला औंदाबी."

मी गाठोडं तिथंच टाकलं. "कुठं हाय ती?"

"जाईल कुठं? बारवेत बसली असंल पाय सोडून."

बारव जुनी आहे, चारठाण्याच्या देवळांच्या काळातली असावी. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. कोनाड्यात साती आसरा, पाण्याच्या देवी, हळदीकुंकवानं माखलेल्या. शेवटच्या पायरीवर कौसा बसलेली, वाकडा गुडघा धरून, पाऊल घोट्यापर्यंत पाण्यात. तिच्याच बाजूला एक बाई घागर बुडवत होती.

"बा!" ती म्हणाली. उठायला गेली, उठवेना. "हितं पाय सोडला की आग थांबती. दुसरं कशानंच न्हाई थांबत."

साहेब माझ्या मागं उभे होते. त्यांनी पाण्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्यांनीच मला शिकवलं होतं की फोड पाण्यात गेला की नारू त्याच वेळी आपली पिल्लं पाण्यात सोडतो, हजारांनी. ते जीव ती पिल्लं खातात, आणि माणूस ते जीव पितो. आग नारूच लावतो आणि आगीपायी माणूस त्याला पाण्यावर घेऊन येतो. मला हे तोंडपाठ होतं. लेकीला सांगायला तोंड उघडलं नाही. मी खाली उतरलो, तिला धरून वर आणलं आणि म्हणालो, "घरी चल. घमेल्यात पाय सोड."

दुपार कलल्यावर साहेबांनी बारवेच्या काठावरच नळी मांडली. पाणी तिथलंच, तेव्हाच काढलेलं. गडी माणसं सावलीत बसून म्हणाली, आधी बायकांना बघू द्या, त्यांना काही होत नाही असं दिसलं की मग आम्ही. विहीणबाई पुढं आली. डोळा लावला. बराच वेळ हालली नाही.

"अगं बया," ती म्हणाली. "एकच डोळा हाय ह्याला. आन हे दोन्ही काखंत काय धरलंय?"

कोणीतरी प्रश्न विचारला ह्याचाच साहेबांना इतका आनंद झाला! म्हणाले, "त्या अंड्यांच्या पिशव्या आहेत. ती मादी आहे. अंडी घेऊनच पोहते."

"म्हंजे लेकुरवाळी हाय."

"हो, तसंच म्हणा."

झालं. लेकुरवाळी बघायला सगळ्या बायका लोटल्या. कोणी म्हणालं, बघ कशी तुरुतुरु पळायलीय. कोणी म्हणालं, दोन्ही काखंत लेकरं घेऊन एवढी पळती, आन आमी एकाला घेऊन दमताव. साहेबांनी सांगितलं, नारू ह्यांच्यातूनच येतो, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. सगळ्या हो म्हणाल्या. एकीनंही का म्हणून विचारलं नाही.

माझ्या उभ्या आयुष्यात माणसं इतक्या लवकर हो म्हणालेली मी पाहिली नाहीत. मला बरं वाटलं नाही. साहेबांना मात्र फार बरं वाटलं. रात्री पिठलं-भाकरी त्यांनी दोनदा मागून घेतली.

सकाळी बारवेवर गेलो तर बघण्यासारखं होतं. प्रत्येक घागरीच्या तोंडावर फडकं. जुन्या लुगड्याचे तुकडे, धुतलेले, दुहेरी. साहेबांचे डोळे भरून आले असावेत, ते दुसरीकडं बघायले. मी पायरीवर बसलो आणि बघत राहिलो. विहीणबाईनं घागर भरली, फडकं हलक्या हातानं उचललं, उलटं केलं, आणि ओंजळीनं पाणी घालून सगळं परत बारवेत धुतलं. तिच्या मागची तशीच. तिच्या मागचीही.

"हे काय करायलात इहीनबाई?"

"काय म्हंजे? फडक्यात जीव हायेत न्हवं? त्यांला माघारी सोडायलेय."

"माघारी? कोरड्या जाग्यावर झटकायचं ते."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी मेंढरू कसायाला द्यायला सांगितलंय. "उन्हात? ह्या वैशाखात? लेकुरवाळीला? जिंतूरला जैनाच्या घरी मी कामाला व्हते, त्यांच्यात बी पानी गाळून जीव हिरीतच सोडत्यात. त्यांनी सोडावं आन आमी मारावं? आन दाखविलं कोनी? तुमच्याच साहेबानं."

साहेब खाली आले. समजावलं. गाळलं म्हणजे तुम्ही वाचलात, पण बारवेत जीव राहिले आणि नारूची पिल्लंही राहिली. एक दिवस कोणी गाळायला विसरेल, एखादं लेकरू ओंजळीनं पिईल, की झालं. बायकांनी ऐकून घेतलं. आणि फडकी बारवेत धुतली.

लिंबाखाली साहेब डोकं धरून बसले. "काल न दाखवता नुसतं किडे म्हणालो असतो तर?"

"लय चांगलं दाखविलंत, तेच नडलं," मी म्हणालो.

"पायऱ्या बुजवल्याशिवाय इलाज नाही. पण बुजवा म्हटलं तर त्या का म्हणून विचारतील. नारू पाण्यात कसा येतो, ते डोळ्यांनी बघितलं तरच मानतील." ते थांबले. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "मल्हारबा, कौसाबाईंचा पाय घमेल्यात ठेवला आणि तेच पाणी नळीखाली धरलं तर दिसेल."

"न्हाई," मी म्हणालो.

"मी समजू शकतो."

"तुमी न्हाई समजू शकत. तिची सासू निमित्ताला टेकलीय. समद्या गावाम्होरं दाखवायचं की हीच पान्यात नारू सोडायलीय? उद्या गाडीत घालून देतील."

साहेबांनी आग्रह केला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

कौसा दारात घमेल्यात पाय सोडून बसली होती. बाप आणि साहेब भांडले की लेकीला कळतं. म्हणाली, "बा, माझ्याबद्दल काय बोलायलेत?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण ती माझीच लेक, नजर हटवत नाही. सांगितलं. कसं पाण्यात जातं, कोण खातं, कोण पितं.

ती पायाकडं बघत राहिली. "म्हंजे मी पाजलं समद्यांला?"

"तू एकली न्हाई."

"माझ्या पोरीला बी?"

तिची पोरगी सहा-सात वर्षांची, ओट्यावर खेळत होती.

"दाखवा म्हनावं साहेबाला," कौसा म्हणाली.

"कौसे, ही बाई तुला ठिवायची न्हाई."

"आदीच कुठं ठिवायलीय?"

संध्याकाळी पारापुढं बाज टाकली. साहेबांनी उकळून गार केलेलं पाणी घमेल्यात ओतलं. आधी ते नळीखाली दाखवलं, म्हणजे त्यात काही नाही हे सगळ्यांनी पाहावं. मग कौसानं पाऊल ठेवलं. थोड्या वेळानं फोडातून ताकाच्या निवळीसारखं काहीतरी पाण्यात पसरलं. साहेबांनी थेंब काचेवर घेतला. विहीणबाईच पहिली.

"वळवळायलंय," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "लय हायेत. मुरवणीच्या दह्यावानी दाट."

"ही नारूची पिल्लं. तुमची लेकुरवाळी हीच खाते, आणि मग ती तुमच्या घागरीत येते."

विहीणबाई सरळ झाली आणि कौसाकडं वळली. मी बाजेजवळ सरकलो.

"एवढी सालं तू आमाला हे पाजलंस?"

कौसा काही बोलायच्या आत शेजारची भागाबाई बोलली. "तिला काय बोलायलीस? तुझा पोरगा गेल्या उन्हाळ्यात त्याच पायरीवर पाय सोडून बिड्या वढत न्हवता का?"

"आन तुझा सासरा? तो तर तिथंच मुक्कामाला!"

"माझ्या सासऱ्याचं नाव काढू नको. तुझ्या नंदंनं माहेरी येऊन आमाला परसाद दिला त्याचं बोल."

मग जे सुरू झालं ते काय सांगावं. एकही घर सुटलं नाही. मेलेल्यांचे पाय बाहेर काढले. ज्या गड्यांनी नळीला डोळा लावला नव्हता त्यांनीही एकमेकांच्या आज्यांपर्यंत मजल मारली. साहेब मध्ये उभे राहून "कोणाचा दोष नाही, कोणाचा दोष नाही" म्हणत होते, त्यांचं कोण ऐकतो? मी बाजेच्या कडेला बसलो. सगळ्याच घरांचे पाय त्या पाण्यात होते, तर माझ्या लेकीला वेगळं काढणार कोण? हे माझ्या ध्यानात आलं आणि मी भांडणाला थोडं आणखी सरपण घातलं. जावयाच्या चुलत्याचं नाव मीच सुचवलं.

शेवटी विहीणबाईचाच घसा बसला. तिनं हात वर केला.

"साहेब, पायऱ्याच नसल्या तर?"

"तर कोणाचा पाय पाण्यात जाणार नाही."

"मग लेकुरवाळीला ही घान खायला मिळनार न्हाई?"

"नाही."

"आन आपल्याला तिला मारायला बी नगं?"

साहेब माझ्याकडं बघायले. "नको," ते म्हणाले.

"मग बुजवा. तिचं पानी तिला, आपलं पानी आपल्याला."

पुजाऱ्यानं आसरांचं काय म्हणून विचारलं. विहीणबाई म्हणाली, "तुझ्या देव्हाऱ्यात रोज कोनी नारूचा पाय धुतला तर तुला चालंल का?" तो खाली बसला. आसरा वर काठावर आणून मांडायचं ठरलं.

पुढचे दिवस दगडांत गेले. बांधावरचे दगड, पडक्या भिंतींचे दगड. मीही उचलले, पाठीनं नकार देईपर्यंत. पायऱ्यांच्या तोंडावर भिंत चढली, वर रहाट उभा राहिला. साहेब भिंतीकडं बघत म्हणाले, "मल्हारबा, ह्यांनी ही भिंत दयेपोटी घातली. नारूचं ह्यांना कळलं की नाही, कोण जाणे."

"भित तर घातली," मी म्हणालो. मला बसायचं होतं.

निघायच्या दिवशी विहीणबाई मोठ्या मनानं म्हणाली, "इवाई, वरीसभर घेऊन जा कौसाला. नारू गेला आन ती बरी झाली, तर आना माघारी."

मी तयारच होतो. गाडीत गोधडी टाकली. कौसा उंबऱ्यातून हालली नाही.

"मी येनार न्हाई, बा."

"कामून?"

"मी गेले आन गावातला नारू गेला, तर म्हनतील कौसासंगं गेला. भिंतीचं नाव कोन घेईल? आन मग मला माघारी कोन येऊ देईल? मी हितंच राहनार. हेच पानी पिनार, गाळून. मी हितं असताना गेला तरच खरा गेला."

मी गाडीतली गोधडी उचलली. विहीणबाई तोंडावर पदर धरून म्हणाली, "बस मग. पर पुढच्या वैशाखात निघाला तर मी कोनाचं ऐकनार न्हाई."

"नका ऐकू," कौसा म्हणाली.

देवगाव फाटा

फाट्यावर सेलूच्या मोटारीची वाट बघत बसलो. बाभळीची सावली, तीही हलणारी. साहेबांनी भजी घेतली, मला तेल सोसत नाही. मी म्हणालो, "वरीसभराचाच तर प्रश्न हाय. पुढच्या वैशाखात पाय सोच्छ निघाला की झालं."

साहेबांचा हात भज्यावरच थांबला. "मल्हारबा, भिंत आता झाली. ह्या उन्हाळ्यात भिंतीच्या आधी तिनं ते पाणी पिलंच असणार. ते पुढच्या वैशाखात निघू शकतं. खात्री करायची तर त्याच्या पुढचा वैशाख."

"हे तवाच कामून न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, ते उघडच आहे."

शिकलेल्यांना उघड असतं ते लोकांना सांगायचं राहून जातं; वर्षानं निघतो हे मलाही ठाऊक होतं, पण लेकीचा हिशेब करायचा राहिला. मी त्यांच्यावर ओरडलो नाही, ओरडायला जोर लागतो. बसून विचार केला. नाही सांगितलं तर कोणाला कळणार? कदाचित निघणारही नाही. आणि निघाला तर तेव्हा सांगू, की तो जुना होता. पण तेव्हा सांगितलेलं कोण मानेल? निघाल्यावर सांगितलं तर सबब, आधी सांगितलं तर शब्द. एवढं तर मला भिंगाशिवाय दिसत होतं.

मोटार आली. साहेब चढले आणि माझ्यासाठी हात पुढं केला. मी नाही चढलो.

"आता एवढं परत जाणार? पायी? मी येतो बरोबर."

"तुमी जा. पुढच्या गावाला तोंड द्यायचं हाय तुमाला."

चारठाण्याच्या वाटेनं माघारी निघालो. थोडं गाडीनं, बाकी पायांनी. वाटेत एका धनगराच्या वाड्यावर ताक पिलो आणि दगड उशाला घेऊन पडलो. सावरवाडीत शिरलो तेव्हा विहीणबाई रहाटावर होती. गाळलेल्या फडक्यातले जीव बादलीत धुऊन बादली हळूच खाली सोडत होती.

"काय इवाई, काय इसरलं?"

मी भिंतीला टेकून, आहे ते सगळं सांगितलं. पुढच्या वैशाखात निघाला तर तो भिंतीच्या आधीचा. खरा निकाल त्याच्या पुढच्या वैशाखात.

तिनं दोर सोडला नाही. "आदी म्हनलात वरीस. आता म्हनता दोन. उद्या येऊन तीन म्हनाल."

"न्हाई म्हननार. खोटं ठरलं तर दोन वैशाखांनी मी सोता गाडी घेऊन येतो लेक न्यायला."

"आन हे सांगायला एवढ्या लांबून माघारी आलात? ह्या पायांनी?"

"व्हय."

ती बराच वेळ बादली वर ओढत राहिली. मग म्हणाली, "दोन तर दोन. कुनी सोयरा आपल्याच इरुद्ध सांगायला एवढं चालत न्हाई." आणि आत हाक मारली, "कौसे, तुझ्या बाला भाकर वाढ. उभ्यानं मरंल हितंच."

जेवलो. कौसानं वाढलं, वाकड्या गुडघ्यानं, भिंत धरत. तिला मी पुन्हा काही समजावलं नाही, तिनं आतून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सेलूला पोहोचून रेल्वेनं परभणीला उतरलो आणि घरी येऊन आठवडाभर उठलो नाही.

साहेब आता दुसऱ्या तालुक्यात असतात. बोलावणं येतं, मी जात नाही. पहिला वैशाख यायचा आहे, त्याच्या मागं दुसरा. गुडघे ज्या रीतीनं बोलायलेत त्यावरून दुसरा मी पाहीन असं वाटत नाही. कौसा पाहील. सांगून आलोय.